तळ्यावरचे दोन तुकडे

मित्रांनो, मी एक जुना डंपर आहे. तुम्ही मला लांबूनच ओळखता. मी वळणावर दिसायच्या आधी माझा वास पोहोचतो आणि तुमचा हात आपोआप नाकाकडे जातो. मला त्याचा राग येत नाही. इतकी वर्षे राडारोडा, नासका भाजीपाला, फुटकी बेसिने आणि काय काय वाहिल्यावर अंगाला अत्तराचा वास कुठून येणार? पूर्वी मला त्या वासाची लाज वाटायची. आता जी वाटते ती दुसरी आहे. ती पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन निघत नाही, म्हणून तुम्हाला सांगून पाहतो.

मी काही जन्मापासून असा नव्हतो. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा पिवळाजर्द होतो आणि काचेत माझे मलाच बघावेसे वाटे. माझे पहिले काम एका पुलाचे. मी दगड आणि खडी वाहून नेत असे. पुलाशेजारी एक शाळा होती. मी हौदा वर उचलला, की खिडक्यांतून मुले टाळ्या वाजवत. मी इतका फुशारून गेलो, की पूल माझ्यामुळेच उभा राहिला असे मला वाटू लागले. गवंड्यांना आणि उन्हात खडी पसरणाऱ्या बायांना मी जमेतच धरत नव्हतो.

माझा चालक तेव्हापासून एकच. त्याला सगळे मामा म्हणत, त्याच्याहून वयाने मोठे होते तेसुद्धा. बारीक अंगाचा, बडबड्या, शर्टाच्या बाहीने माझे स्टेअरिंग पुसणारा. मामा मनाने वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तसे वाटेल.

पुलाचे काम संपले आणि मला विकले. घर विकताना भिंतीतले कपाट घराबरोबरच जावे, तसा मामाही माझ्याबरोबर नव्या मालकाकडे गेला. हा मालक जुनी घरे पाडायचे ठेके घेई. पाडलेल्या घरांचे विटा-दगड, दारे-खिडक्या, फरशा, सगळे माझ्या हौद्यात पडू लागले. पुढे मालकाने भाजीबाजाराचा कचराही घेतला. निळ्या प्लॅस्टिकच्या पोत्यांत भरलेला, गळणारा, सडका माल. पहिल्यांदा ती पोती अंगावर पडली तेव्हा मला शिसारी आली. हळूहळू अंगवळणी पडले.

हे सगळे टाकायची सरकारी जागा गावापासून फार लांब होती. तिथे फाटकावर रांग लागे. आत बसलेला तपासनीस हौद्यावर चढून काठीने उकरून बघे, ओले वेगळे करा म्हणे, कोरडे वेगळे करा म्हणे, कधी आख्खी गाडी परत पाठवी. मालकाला हे परवडेना. एके दिवशी त्याने मामाला जवळ बोलावून विचारले, इतक्या लांब कशाला मरायला जातोस, वस्तीच्या कडेला तळे आहे की.

मामा चपापला. त्या तळ्यावर बायका कपडे धूत, बदके पोहत, सुट्टीच्या दिवशी माणसे गळ टाकून बसत. मामा नाही म्हणाला. पुन्हा विचारले, तेव्हाही नाहीच म्हणाला. मग मालक शांतपणे म्हणाला, ठीक आहे, किल्ली टेबलावर ठेव. मामाच्या घरी बायको होती, शाळेत जाणारी मुलगी होती. त्याने किल्ली खिशातच ठेवली.

आमच्या या धंद्यात एक रीत आहे. चोरून माल टाकायला गेलेला चालक गाडी मागे घेईपर्यंत आरशात बघतो. हौदा उचलायची वेळ आली, की मात्र काच वर करतो आणि रेडिओ मोठा लावतो. पाण्यात पडण्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. मामाही तसेच करू लागला. भल्या सकाळी, रस्त्यावर वर्दळ सुरू व्हायच्या आधी आम्ही जात असू. मामाचे ठीक होते हो, त्याच्या कानाशी गाणी वाजत. माझे कान हौद्यातच आहेत. प्रत्येक वीट पाण्यात पडलेली मी ऐकली.

एकदा एक बाई डोक्यावर कपड्यांचे गाठोडे घेऊन काठावर आली. तिची नेहमीची धुण्याची जागा आम्ही आदल्या दिवशीच बुजवली होती. ती माझ्याकडे बघत नुसती उभी राहिली आणि आल्या वाटेने परत गेली. पुलाजवळच्या मुलांच्या टाळ्या मी विसरलो असेन, पण ते बघणे विसरलो नाही. त्यानंतर बदकेही दिसेनाशी झाली. तळे आकसत गेले आणि त्याच्या जागी माझ्या चाकांखाली जमीन वाढत गेली.

तळ्याच्या एका बाजूला विजेचा खांब होता. मामाची खूण तीच. आम्ही एक जुनी गिरणी पाडली होती, तिचे दगड, विटा, स्लॅबचे मोठमोठे तुकडे आम्ही त्या खांबाच्या बरोबर समोर टाकले. बाजाराची निळी पोती त्याच्या शेजारच्या भागात. मामा मुद्दाम पाठ केल्यासारखे म्हणे, खांबासमोर गिरणी, शेजारी बाजार. गिरणीच्या भरावावर माझी चाके टणक जमिनीवर असावीत तशी उभी राहत. बाजाराच्या भरावावर मात्र आपण गादीवर उभे आहोत असे मला वाटे.

मग एक गोष्ट घडली आणि ती मामाला कळली नाही. त्याची मुलगी आजारी पडली म्हणून तो रजेवर गेला आणि मला दुसऱ्या चालकाच्या हाती दिले. हा बाबा एका हाताने फोन धरून गाडी मागे घेई. तळ्यावर त्याने मला त्या खांबावर धाडकन नेऊन आदळले. खांब वाकला, माझ्या हौद्याचा मागचा फाळका चेपला. वीजवाले आले, त्यांनी वाकलेला खांब बुंध्याशी कापला आणि नवा खांब थोडा पुढे, भुसभुशीत जागा टाळून रस्त्याच्या कडेला रोवला. तो आता बाजाराच्या भरावासमोर आला. बदली चालकाने माझ्या चेपलेल्या जागेवर पिवळा रंग फासला आणि तोंड बंद ठेवले. मामा परत आला तोवर त्या भागातली भर पुरी होऊन वर लाल मुरूम पसरला होता. आणि खांबाकडे निरखून कोण बघते? तो होता तसाच दिसत होता.

आता ठिगळ्याबद्दल सांगायला हवे. वळणावर त्याचे पंक्चरचे दुकान होते. राडारोडा वाहणाऱ्या गाडीच्या चाकांत खिळे शिरायचेच, त्यामुळे आमची त्याच्याकडे सारखी फेरी असे. ट्यूबला ठिगळे लावतो म्हणून मामाने त्याचे नाव ठिगळ्या ठेवले आणि सगळ्यांनी तेच उचलले. त्यालाही त्याचे काही वाटत नसे. तो माझ्या टायरमधून खिळा उपसून काढताना मलाच विचारी, काय रे, आज काय खाऊन आलास? काम झाले, की माझ्याभोवती एक चक्कर मारून प्रत्येक टायर तळहाताने दाबून बघे. इतक्या प्रेमाने मला दुसऱ्या कोणी कधी हात लावला नाही.

ठिगळ्या आणि त्याची बायको दुकानामागच्या खोलीत राहत. दोन लहान मुले त्यांना. खोलीला खिडकी नव्हती, भिंतींना कायम ओल. त्या बाईच्या हातांची बोटे सुजत आणि दुखत. डॉक्टर म्हणाले होते, सकाळच्या उन्हात बसत जा. ती हसून सांगे, डॉक्टरांनी औषध दिले, पण ते ठेवायला आमच्याकडे जागा नाही.

तळे बुजले आणि मालकाने तिथे तुकडे पाडून विकायला काढले. गिऱ्हाइकेही मिळाली. शेवटी दोन तुकडे उरले, एकाला एक लागून. मालकाने एक मामाला द्यायचे ठरवले, इतकी वर्षे राबला म्हणून. दुसरा ठिगळ्याला, इतकी वर्षे केलेल्या कामाच्या बदल्यात. कोणता कोणी घ्यायचा ते तुमचे तुम्ही ठरवा, असे म्हणून मालकाने हात झटकले.

त्या दोन तुकड्यांपैकी एक खांबाच्या समोर होता आणि दुसरा त्याच्या शेजारी.

दोघे संध्याकाळी जागा बघायला आले, मी तिथेच उभा होतो. ठिगळ्या मुरमावर पाय आपटून बघत होता, लहान मूल नव्या चपलांवर उड्या मारते तसा. मग म्हणाला, "मामा, तुम्ही सांगाल तो मी घेतो. इथं खाली काय आहे ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक?"

मामाने खांबाकडे बघितले. समोरच्या तुकड्याकडे बघितले. मला वाटले, आता तो सांगेल. सांगेल, की एका ठिकाणी गिरणी आहे आणि दुसरीकडे सडका बाजार. मग दोघे मिळून काय ते ठरवतील, चिठ्ठ्या टाकतील, किंवा मालकाकडे जाऊन भांडतील. मामाने खिशातून रुमाल काढला, मान पुसली.

"तू हा शेजारचा घे," तो म्हणाला. "याला सकाळचं ऊन आहे. तुझ्या बायकोला बरं."

ठिगळ्याने मामाचे दोन्ही हात धरले.

मित्रांनो, त्या वेळी मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. खांब हलला आहे, हे मला माहीत होते. मामा स्वतःसाठी सडका तुकडा ठेवतो आहे आणि ठिगळ्याला गिरणीचे दगड देतो आहे, हेही माहीत होते. पण मला लाज वाटली ती त्याची नाही. मामाला वाटत होते, की आपण ठिगळ्याला सडक्या जागेवर बसवतो आहोत. तसे वाटत असूनही तो त्याच्या डोळ्यांत बघून बोलला. बोलायला त्याने त्या बाईची दुखणारी बोटे वापरली.

घरी जाताना वाटेत मामीलाही केबिनमध्ये घेतले. मामी म्हणजे मामाची बायको. तिची साधी हौस होती, स्वतःची भिंत असावी आणि तिच्यात हवा तिथे खिळा ठोकावा. भाड्याच्या खोलीचा मालक तिला खिळा ठोकू देत नसे. मामा तिला खुशीत सांगू लागला, की आपल्याला गिरणीवरचा पक्का तुकडा मिळाला, तिथे खिळेच काय, पहार ठोकलीस तरी भिंत हलणार नाही. मामीने विचारले, शेजारच्या तुकड्याखाली काय आहे? त्याने तेही सांगितले.

"त्याला सांगितलंत का?"

"त्याला ऊन हवं होतं," मामा म्हणाला. "मिळालं."

मामी खिडकीबाहेर बघू लागली. मामाने रेडिओ लावला.

दोन्ही घरे उभी राहिली. लहानच, पण स्वतःची. मी दोन्ही घरांच्या मधल्या जागेत उभा राहत असे, त्यामुळे दोन्हीकडचे मला दिसे. ठिगळ्याची बायको रोज सकाळी पायरीवर उन्हात बसे, हात मांडीवर पसरून. मामा कामावर निघाला, की न चुकता म्हणे, मामा, हे तुमचे उपकार. मामा पहिल्या दिवशी हसला. मग नुसती मान हलवू लागला. पुढे पुढे तो मागच्या दाराने बाहेर पडून मला वळसा घालून केबिनमध्ये चढू लागला. तीही गमतीची. मामांना ऐकू गेले नाही वाटते, असे समजून मोठ्याने सांगे.

मामाला आणखी एक खोड लागली. तो येता-जाता ठिगळ्याच्या भिंतींकडे बघे. तडा कुठे दिसतो का. एकदा तर भिंतीवरून हात फिरवत कोपऱ्यापर्यंत गेला. खाली वाकून जोत्याशी बघितले. ठिगळ्याने ते पाहिले आणि दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगत सुटला, की मामा माझ्या घराला माझ्यापेक्षा जास्त जपतात. त्याची मुले मामाला बघून धावत येत आणि पायांना मिठ्या मारत. मामाचा चेहरा अशा वेळी पाहवत नसे. दात दुखत असताना हसायला लावावे, तसा.

आणि माझी डावी चाके रुतू लागली. डावीकडे मामाचा तुकडा, उजवीकडे ठिगळ्याचा. मी एका अंगावर कललो. मामाने ते पाहिले, तर म्हणाला, डाव्या टायरांत हवा कमी दिसते, जरा भर. ठिगळ्याने हवा तपासली. हवा बरोबर होती. मामाने तरीही भरायला लावली. दुसऱ्या दिवशी मी आणखी कललो. मामा पुन्हा म्हणाला, हवा. ठिगळ्या हसून म्हणाला, मामा, आता आणखी भरली तर टायर फुटेल. मामाला जमिनीची शंका येणे शक्यच नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपली जमीन मिळाली होती, आणि ती पक्की आहे हे त्याने स्वतः पाहिले होते.

मग मामीच्या घराचे दार लागेनासे झाले. मामाने ते रंध्याने तासले. काही दिवसांनी खिडकीही अडू लागली. तिने हौसेने ठोकलेले खिळे भिंतीतून आपोआप गळून पडू लागले. स्वयंपाकघरात वास येऊ लागला. मामी म्हणाली, हा वास मला ओळखीचा आहे, तुमच्या कपड्यांना यायचा. मामा तिच्यावर खेकसला. खेकसतो तेव्हा तो घाबरलेला असतो, हे मला ठाऊक होते.

आणि एके दुपारी त्यांच्या स्वयंपाकघराची जमीन खचली.

मामा आणि मी कामावरून परतत होतो. लांबूनच गर्दी दिसली आणि मामाचा पाय ब्रेकवरून घसरला. मामी कमरेपर्यंत खाली गेली होती. ठिगळ्या दुकानातून हातातला टायर टाकून धावत आला होता. त्याने ओट्याखाली जॅक लावला, फळ्या टाकल्या, स्वतः पोटावर पालथा पडून तिच्या काखेत हात घातले आणि तिला वर ओढले. मामा पोहोचला तेव्हा मामी ठिगळ्याच्या पायरीवर बसली होती आणि ठिगळ्याची बायको आपल्या त्या सुजलेल्या हातांनी तिचे पाय धूत होती. मुलगी शाळेत होती, म्हणून वाचली.

खड्ड्यातून निळी पोती वर आली होती.

मामाने ती बघितली. त्याने मान वळवून खांबाकडे बघितले. मग चालत खांबापर्यंत गेला आणि तिथून पुढे, गवतात पायाने चाचपत. त्याला कापलेल्या खांबाचा बुंधा सापडला, गंजलेला. समोर ठिगळ्याचे घर होते, सरळ, एकही तडा नसलेले.

गल्ली जमली होती. शेजारीपाजारी मालकाला शिव्या देत होते. ठिगळ्या मात्र मामाकडेच बघत होता. एकाएकी त्याला काहीतरी उमगले असे दिसले. त्याचा चेहरा फुलला आणि लगेच रडवेला झाला. तो सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला, "आता कळलं मला. यांना सगळं ठाऊक होतं. पक्का तुकडा यांनी आम्हाला दिला आणि हा स्वतःकडे ठेवला. आणि एका शब्दानं बोलले नाहीत."

कोणीतरी मामाच्या पाठीवर हात ठेवला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, अशी माणसे आता राहिली नाहीत. मामाने तोंड उघडले. मला वाटले, आता बोलेल. त्याने ते तसेच मिटले. मामी पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होती. मग तिने नजर खाली घातली. त्या गर्दीत खरे काय ते तिघांनाच माहीत होते, आणि तिसरा मी, मुका.

मामा मालकाकडे जाऊन आला. मालकाने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, "तूच भरलंस की."

मामाचे बिऱ्हाड ठिगळ्याच्या घरात आले. ठिगळ्याने त्यांना पुढची खोली दिली, उन्हाची. स्वतः चौघे मागे झोपू लागले. ताटात पहिले मामाला वाढत. मुले त्याला आजोबा म्हणू लागली. मामा अर्धे जेवून उठे. मामी त्याच्याशी कामापुरते बोले. एका सकाळी ती माझ्या पायदानाशी आली. मामा केबिनमध्ये बसला होता, कुठेच जायचे नसताना.

"तुम्ही बोलणार, की मी बोलू?" तिने विचारले.

तो म्हणाला, ते लोक आपल्याला बाहेर काढतील. मुलीला घेऊन कुठे जाणार?

"मग जाऊ," मामी म्हणाली. "पण त्या बाईनं वाढलेला घास माझ्या घशाखाली उतरत नाही."

खचलेले घर पाडावेच लागले. मामाने ते स्वतःच्या हातांनी पाडले आणि माझ्या हौद्यात भरले. ठिगळ्याने दुकान बंद ठेवून मदत केली. विटा, दार, मामीची खिळे गळालेली भिंत, आणि खालून उपसलेली ती पोतीसुद्धा. मित्रांनो, मी आयुष्यभर लोकांची घरे वाहिली, पण त्या दिवशीइतके जड काहीच वाटले नाही.

ठिगळ्या म्हणाला, मीही येतो. मामाने त्याला केबिनमध्ये घेतले. वाटेत वाळलेला ओढा लागला, जिथे आजकाल इतर गाड्या चोरून माल टाकतात. मामाने तिकडे बघितलेसुद्धा नाही. आम्ही सरळ त्या लांबच्या सरकारी फाटकापर्यंत गेलो आणि रांगेत उभे राहिलो. रांग मोठी होती. मामाने इंजिन बंद केले. रेडिओला हात लावला नाही.

मग तो बोलला. आधी अडखळत, मग भरभर, समोरच्या काचेकडे बघत. गिरणी, बाजार, खांब, बुंधा. ऊन. सगळे सांगितले, स्वतःची बाजू न घेता. संपल्यावर हात स्टेअरिंगवर ठेवून बसला.

ठिगळ्या दार उघडून खाली उतरला. मला वाटले, हा आता चालत निघून जाणार. तो माझ्याभोवती फिरू लागला. सवयीने प्रत्येक टायरवर तळहात दाबत गेला, पण त्याचे लक्ष नव्हते. एका टायरमध्ये खिळा होता, तो त्याला दिसला नाही. चक्कर पुरी करून तो पुन्हा वर चढला.

"म्हणजे माझी पोरं त्या खड्ड्यात गेली असती," तो म्हणाला, "तरी तुम्हाला चाललं असतं."

मामाने खोटे बोलायला हवे होते, असे मला त्या क्षणी वाटले. कोणीही बोलले असते.

"तेव्हा चाललं असतं," मामा म्हणाला.

रांग पुढे सरकली. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. मामाने मला पुढे घेतले आणि पुन्हा थांबवले. ठिगळ्याने बाहीने डोळे पुसले. मग जे बोलला ते अगदी हलक्या आवाजात.

"हे घरी बोलू नका. आमची ही लग्न झाल्यापासून अंधारात राहिली. आपल्यासाठी कुणीतरी ऊन राखून ठेवलं, एवढंच तिला कुणाकडून तरी मिळालंय. तिला ते राहू दे. ती रोज तुमचं नाव घेईल. तुम्ही ऐकायचं."

"रोज?"

"रोज. आणि मागच्या दारानं जायचं नाही."

मामाने मान हलवली. तपासनीस हौद्यावर चढला, काठीने उकरले, ओले-कोरडे वेगळे करा म्हणाला. दोघांनी खाली उतरून ते वेगळे केले. संध्याकाळ झाली तेव्हा माझा हौदा रिकामा झाला. मी परत येताना खडखडत होतो आणि केबिनमध्ये दोघे जण दोन टोकांना बसले होते.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. मला फार काही मागायचे नाही. तुमच्या घरातून जे बाहेर टाकाल, ते टाकून संपत नाही. कोणाच्या तरी घराखाली ते असते. तेव्हा माझ्यासारखा एखादा डंपर तुमच्या रस्त्याने गेला, तर नाक खुशाल दाबा, पण तो कुठे चालला आहे तेवढे विचारा. माझ्या तळ्याच्या वेळी कोणी विचारले नाही. विचारले असते, तर मामाने मला परत वळवले असते. असे मला वाटते. निदान तसे मानायला मला आवडते.

मामा आता त्या पुढच्या खोलीतच राहतो. रोज सकाळी पुढच्या दाराने बाहेर पडतो. ती बाई पायरीवर उन्हात बसलेली असते. मामा, हे ऊन तुमचे बरे का, ती म्हणते. तो तिच्यासमोर थांबतो, पूर्ण ऐकून घेतो आणि मगच माझ्याकडे येतो. तो माझे दार उघडून वर चढतो, आणि मी, मित्रांनो, इंजिन एका झटक्यात सुरू करून देतो. माझ्याच्याने तेवढेच होते.